टाकीत काय आहे, हे इंजिनाला कोण सांगतं?

ब्राझीलमध्ये पंपावर गाडी थांबली की चालक आधी दोन दर पाहतो, पेट्रोलचा आणि इथेनॉलचा. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तर इथेनॉल भरायचं, नाही तर पेट्रोल. हा ठोकताळा तिथे सगळ्यांच्या तोंडी आहे. टाकीत आधीचं काय आणि किती उरलंय, याची कोणी फिकीर करत नाही. अर्धी टाकी पेट्रोल असेल तर त्यावर इथेनॉल ओततात, पुढच्या आठवड्यात त्यावर पुन्हा पेट्रोल. टाकीत जे मिश्रण तयार होतं त्याचं प्रमाण ना पंपवाल्याला ठाऊक असतं, ना मालकाला. तरीही चावी फिरवली की गाडी सुरू होते आणि पिकअपही तसाच मिळतो. आजच्या मोटारीतल्या सगळ्या करामतींत मला ही सर्वांत विलक्षण वाटते, कारण हे जमणं किती अवघड आहे ते आकडे मांडल्याशिवाय कळत नाही.

१ किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. १ किलो इथेनॉलला लागते फक्त ९ किलो, कारण इथेनॉलच्या रेणूत थोडा ऑक्सिजन मुळातच असतो. सीएनजीतल्या मिथेनची भूक सर्वांत मोठी, १७ किलोंहून अधिक. आपल्याकडच्या पंपावर मिळणारं ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, साधारण साडेतेरावर येतं. आता १.२ लिटरच्या चार सिलिंडरांच्या इंजिनातला एकच सिलिंडर डोळ्यांसमोर आणा. त्याची जागा ३०० घन सेंटिमीटर. पूर्ण थ्रॉटलला त्यात साधारण ०.३५ ग्रॅम हवा मावते. एवढ्या हवेला पेट्रोल लागतं ०.०३ मिलिलिटर, म्हणजे एका थेंबाहूनही कमी. इथेनॉल लागतं ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब. आणि सीएनजी असेल तर त्याच सिलिंडरात सुमारे २८ घन सेंटिमीटर वायू जातो. तेवढी जागा हवेची कमी होते, म्हणून गॅसवर गाडी थोडी मंद वाटते.

इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडराला असा घोट सेकंदाला २५ वेळा द्यावा लागतो. इंजेक्टर मोजके मिलिसेकंद उघडतो आणि मिटतो. त्याचं माप चुकायलाही जागा नाही. एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या तिघांनाही एकाच वेळी निपटतो, पण हवा आणि इंधनाचं प्रमाण जवळपास अचूक असेल तरच. एखादा टक्का इकडेतिकडे झाला तरी तिघांपैकी कोणीतरी निसटायला लागतं. थेंबातला एखादा टक्का, सेकंदाला २५ वेळा, आणि तोही थेंब कशाचा आहे हे माहीत नसताना!

माहीत नसताना ते जमतं कसं? इंजिन स्वतःचा उच्छ्वास तपासतं. एक्झॉस्टच्या पाइपात बोटाएवढा एक सेन्सर बसवलेला असतो, त्याला लॅम्ब्डा सेन्सर म्हणतात. आत झिर्कोनियाच्या सिरॅमिकची टोपी, तिच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा पातळ थर. टोपीच्या एका अंगाला जळून आलेला धूर, दुसऱ्या अंगाला बाहेरची स्वच्छ हवा. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की या सिरॅमिकमधून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात, आणि दोन बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक तितका विजेचा दाब तयार होतो. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास, उरला नसेल तर ०.९ च्या आसपास. मधली उडी अगदी तीव्र असते, आणि ती नेमकी योग्य प्रमाणावरच पडते. म्हणजे निसर्गाने जणू तिथेच खूण करून ठेवली आहे. बॉशने घडवलेला हा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा आला. तेव्हापासून गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, एकच काम अखंड करतो आहे: मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी पडलेलं, दिसलं की इंजेक्टर क्षणभर जास्त उघडा ठेवायचा, रिच, म्हणजे इंधन जास्त झालेलं, दिसलं की कमी.

त्याआधी हे काम माणसाच्या कानाकडे होतं. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये चालकाच्या हाताशी मिश्रण कमीजास्त करायचा खटका होता आणि ठिणगीची वेळ पुढेमागे करायचा दांडा स्टिअरिंगजवळ. इंजिनाचा आवाज ऐकत ऐकत चालक दोन्ही जुळवून घ्यायचा.

पण खरी मेख पुढे आहे. लॅम्ब्डाने सांगितलं की मिश्रण लीन झालंय. का झालं? टाकीत इथेनॉल वाढलं असेल. किंवा इंजेक्टरात कचरा अडकला असेल. पंपाचा दाब पडला असेल. हवेच्या होजला चीर पडून जास्तीची हवा शिरत असेल. हवा मोजणारा सेन्सरच चुकत असेल. या सगळ्यांचा धूर सारखाच आणि व्होल्टही सारखेच. कारण चुकीचं ओळखलं तर उपायही चुकीचा होणार, कारण इथेनॉल आहे म्हटल्यावर ईसीयू फक्त इंधन वाढवून थांबत नाही. इथेनॉल नॉकिंगला, म्हणजे सिलिंडरातलं मिश्रण अवेळी आपोआप पेटण्याला, पेट्रोलपेक्षा खूप चांगलं तोंड देतं, म्हणून तो ठिणगीही लवकर पाडायला लागतो. टाकीत प्रत्यक्षात साधं पेट्रोल असेल आणि दोष होजच्या चिरेचा असेल, तर त्या लवकर पडलेल्या ठिणगीने इंजिन नॉक करणार.

अमेरिकेत यावर सरळ उपाय झाला. इंधनाच्या नळीतच सेन्सर बसवला. इथेनॉलचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक पेट्रोलच्या दहा-बारा पट असतो, त्यामुळे दोन पट्ट्यांमधून इंधन वाहू दिलं की त्यांची धारिता सरळ मिश्रणाचं प्रमाण सांगते. पण हा जादा भाग महाग पडतो. ब्राझीलला हवी होती ती स्वस्त, सामान्य माणसाची गाडी, आणि तीही तातडीने. तिथे १९७५ मध्ये सरकारने उसाच्या इथेनॉलची मोठी योजना आणली, १९७९ मध्ये फक्त इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ बाजारात आली, आणि काही वर्षांतच बहुतेक नव्या गाड्या इथेनॉलच्या झाल्या. मग १९८० चं दशक सरता सरता इथेनॉलचा तुटवडा पडला. पंपांवर रांगा लागल्या. ज्यांच्या गाडीला दुसरं काही चालतच नव्हतं ते अडकले, आणि लोकांचा विश्वास उडाला. एकाच इंधनाशी जन्माची गाठ नको, ही त्या अनुभवातून आलेली मागणी होती.

२००३ च्या मार्चमध्ये फोक्सवॅगनची गोल टोटल फ्लेक्स आली. तिच्यात मॅग्नेटी मारेली कंपनीची प्रणाली होती, आणि इथेनॉल ओळखणारा वेगळा सेन्सर तिच्यात नव्हताच. ओळखण्याचं सगळं काम सॉफ्टवेअर करत होतं. या घराण्यातल्या प्रणालींमागचा विचार इतका साधा आहे की थक्क व्हावं. टाकीतलं मिश्रण कधी बदलतं? फक्त पंपावर. चालत्या गाडीत पेट्रोलचं इथेनॉल होत नाही. मग साक्षीदार आपल्याकडे आधीपासूनच आहे: टाकीतला फ्लोट, डॅशबोर्डवरचा काटा हलवणारा तोच जुना भाग. तो झटक्यात वर गेला याचा अर्थ इंधन भरलं. त्याच वेळी ईसीयू शिकण्याची एक खिडकी उघडतो. नळीत अजून जुनंच इंधन असतं, ते संपेपर्यंत थांबतो. मग नवं मिश्रण इंजेक्टरपाशी पोचतं आणि लॅम्ब्डा हळूहळू एका बाजूला झुकायला लागतो. या खिडकीतला झुकाव इथेनॉलच्या खाती जमा होतो. झुकाव स्थिरावला की प्रमाण ठरलं आणि खिडकी बंद. त्यानंतर काही झुकलं तर ते झीज, गळती नाही तर बिघाड, आणि झुकाव मर्यादेबाहेर गेला की चेक इंजिनचा दिवा लागतो. धूर तोच, व्होल्ट तेच. फरक ओळखू येतो तो केवळ वेळेवरून.

आपल्या रस्त्यांवरच्या सीएनजी गाड्यांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो, आणि बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटमध्ये तर त्याचं उत्तर भलतंच सुंदर आहे. तिथे पेट्रोलचा ईसीयू आपलं काम नेहमीसारखंच करत राहतो. अमुक मिलिसेकंद इंजेक्टर उघड, असा हुकूम तो सोडतो. मध्ये बसलेला गॅसचा ईसीयू तो हुकूम वाचतो, गॅसच्या हिशेबाने त्याला गुणतो, आणि गॅसचा इंजेक्टर उघडतो. पेट्रोलच्या इंजेक्टरच्या जागी तितकाच विजेचा भार ठेवून पहिल्या ईसीयूची समजूत करून दिली जाते की तुझा इंजेक्टर जागेवर आहे. लॅम्ब्डाकडून येणारं उत्तरही बरोबर असतं, त्यामुळे त्याला शंका येत नाही. नळकांड्यातला गॅस २०० बारच्या दाबाखाली असतो. रिड्यूसरमध्ये तो काही बारवर उतरतो तेव्हा इतका गार पडतो की रिड्यूसर गोठू नये म्हणून इंजिनातलं गरम कूलंट त्याच्याभोवती फिरवावं लागतं. अशा गाड्या सकाळी पेट्रोलवर सुरू होऊन थोड्या वेळाने गॅसवर जातात, ते यामुळे. जुलै २०२४ मध्ये पुण्यात बजाजने फ्रीडम १२५ ही सीएनजीची मोटारसायकल आणली, तिच्यात २ किलो गॅस आणि २ लिटर पेट्रोल शेजारी शेजारी असतं आणि बटणाने एकावरून दुसऱ्यावर जाता येतं. मोटारीत ज्याला ऐसपैस जागा मिळते ते सगळं शास्त्र सीटखाली बसवणं, हे मला मोठं काम वाटतं.

हे सगळं बरोबर चालतं की नाही, हे तपासायची विद्या तितकीच अद्भुत आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. पुण्यात कोथरूडच्या टेकडीला ज्या संस्थेचं नाव पडलं ती १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय वाहनांची चाचणी करते. गाडी काही तास ठरावीक तापमानाच्या खोलीत मुरवत ठेवतात, मग रोलरवर चढवतात. समोरच्या पडद्यावर वेगाची रेषा सरकत असते आणि चालकाने गाडीचा वेग त्या रेषेवर ठेवायचा असतो. गाडी जागची हलत नाही आणि धूर मोजायला पिशव्यांत गोळा होतो. दोन इंधनांच्या गाडीला हे दोन्हींवर करावं लागतं. रबराच्या नळ्या आणि सील आठवडेच्या आठवडे इथेनॉलच्या मिश्रणात बुडवून किती फुगतात ते पाहतात, कारण इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पेट्रोलला न जुमानणारं रबरही त्याच्यापुढे नरम पडू शकतं.

पण शिकणारं सॉफ्टवेअर रोलरवर पुरतं तपासता येत नाही. त्यासाठी ईसीयू एकटाच टेबलावर येतो. त्याच्या सगळ्या वायरी एका मोठ्या संगणकाला जोडलेल्या असतात आणि तो संगणक इंजिन होऊन त्याच्याशी बोलतो. याला हार्डवेअर-इन-द-लूप चाचणी म्हणतात. ईसीयूला वाटतं आपण कसारा घाट चढतोय. प्रत्यक्षात तिथे ना इंधन असतं, ना ठिणगी. मग अभियंते त्याला पद्धतशीर फसवायला घेतात. फ्लोट अडकला असं दाखवतात. इंजिन चालू असतानाच टाकी भरतात. फ्लोटला जाणवणार नाही इतकं थोडं थोडं इंधन वारंवार भरतात. ऐन शिकण्याच्या खिडकीत लॅम्ब्डाची वायर तोडतात. इंधन भरल्यावर लगेच इंजेक्टरही तुंबवतात, म्हणजे दोन कारणं एकमेकांत मिसळतात. प्रत्यक्षात क्वचितच जुळून येईल असं दुर्दैव टेबलावर रोज घडवता येतं, आणि इंजिनाला इजा न होता पुन्हा पुन्हा घडवता येतं.

यातली सर्वांत कठीण परिस्थिती दिसायला अगदी साधी आहे. रात्री पंपावर इथेनॉल भरलं आणि गाडी तिथून जेमतेम घरापर्यंत नेऊन लावली. नव्या इंधनाने नळीत निम्मा रस्ता कापलाय, खिडकी उघडी आहे, पण शिकून काहीच झालेलं नाही. सकाळी थंडी आहे. लॅम्ब्डा गार, म्हणजे मुका. शुद्ध इथेनॉलची वाफ १३ अंश सेल्सिअसच्या खाली पेट घेण्याइतकीही होत नाही, आणि निफाडच्या जानेवारीत पारा त्याच्या कितीतरी खाली असतो. उद्या उसाच्या पट्ट्यात शंभर टक्के इथेनॉलच्या गाड्या सर्रास धावू लागल्या तर हा प्रश्न आपल्या दारातच उभा राहील. ब्राझीलच्या दक्षिणेकडच्या हिवाळ्यासाठी सुरुवातीच्या फ्लेक्स गाड्यांत बॉनेटखाली पेट्रोलची छोटी वेगळी टाकी असायची, फक्त सुरू होण्यापुरती. २००९ मध्ये पोलो ई-फ्लेक्सने ती काढून टाकली आणि इंजेक्टरकडे जाणारं इंधनच विजेने गरम करायला सुरुवात केली. राहिला प्रश्न प्रमाणाचा. तिथे ईसीयू शेवटचं शिकलेलं प्रमाण धरून पहिला प्रयत्न करतो. इंजिनाने पेट घेतला नाही तर काही प्रणाली स्टार्टरच्या पुढच्या फेऱ्यांत इंधन पायरीपायरीने वाढवत नेतात. ज्या पायरीवर इंजिन पेटतं तीच टाकीतल्या इथेनॉलची पहिली बातमी असते, लॅम्ब्डा तापून बोलायला लागण्याच्या आधीच मिळालेली.