डोळा पायावर, कान चेंडूवर

२ जून २०१०. अमेरिकेतील डेट्रॉईटच्या मैदानावर अर्मांडो गॅलरागा हा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज, विक्रमापासून एका फलंदाजाच्या अंतरावर होता. सलग २६ फलंदाज त्याने बाद केले होते. सत्ताविसावाही बाद झाला असता तर एकालाही पहिल्या बेसवर पोहोचू न देता सामना संपला असता. यालाच ‘परफेक्ट गेम’ म्हणतात. तेथील प्रमुख लीगमध्ये तोवरच्या १३० वर्षांत असे फक्त २० वेळा घडले होते.

फलंदाजाने चेंडू जमिनीलगत टोलवला. क्षेत्ररक्षकाने तो उचलून फेकला आणि गॅलरागाने धावत येऊन, बेसवर पाय ठेवून तो झेलला. फलंदाज त्यानंतर पोहोचला. पण पंच जिम जॉइस यांनी दोन्ही हात बाजूला पसरले : ‘सेफ’, म्हणजे नाबाद! पडद्यावर पाहून असा निर्णय फिरवण्याची सोय तेव्हा नव्हती. सामन्यानंतर चित्रफीत पाहिल्यावर जॉइस यांनी चूक जाहीरपणे मान्य केली आणि गॅलरागाची माफी मागितली. विक्रम मात्र हुकला तो हुकलाच.

जॉइस हे नावाजलेले, अनुभवी पंच होते. मग डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट त्यांना उलटी कशी दिसली? याचे उत्तर आपल्या सर्वांच्या मेंदूच्या कामकाजात आहे.

दोन घटना, एक नजर

पहिल्या बेसवरच्या पंचाला एकाच वेळी दोन गोष्टी टिपायच्या असतात : धावपटूचा पाय बेसला कधी लागला आणि चेंडू ग्लोव्हमध्ये कधी शिरला. चेंडू झेलणारा हात ताणलेला असतो आणि पाय असतो खाली जमिनीवर. डोळ्याचा अगदी स्पष्ट पाहणारा भाग फार लहान असल्यामुळे दोन्ही गोष्टी तितक्याच नीट दिसणे अशक्य. म्हणून पंचांना शिकवतात की नजर बेसवर ठेवा आणि चेंडूचा ‘थप्प’ असा आवाज कानांनी टिपा.

युक्ती उत्तम आहे, पण तिलाही मर्यादा आहेत. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पंच पाच मीटरवर उभा असेल तर आवाज त्याच्यापर्यंत यायला सुमारे १५ सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्यात वेगवान धावपटू १२ सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो. चेंडू तळहाताऐवजी ग्लोव्हच्या जाळीत अडकला तर आवाज दबतो आणि प्रेक्षक ओरडत असतील तर तो ऐकूही येत नाही.

त्यात लक्षाचा खेळ असतो. दोन घटना एकाच क्षणी घडल्या तरी ज्या घटनेकडे आपले लक्ष असते ती आधी घडल्यासारखी वाटते. एडवर्ड टिचनर या मानसशास्त्रज्ञाने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी हे नोंदवले होते. म्हणजे पायावर नजर खिळवलेल्या पंचाला पाय किंचित आधी पडल्याचा भास होऊ शकतो. त्याचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी हे घडते.

कबूतर आणि डोक्यावरचा चेंडू

काही प्रसंग तर पंच आयुष्यात एकदाच पाहतात. २४ मार्च २००१ रोजी एका सराव सामन्यात रँडी जॉन्सन या पिचरने टाकलेल्या वेगवान चेंडूच्या वाटेत एक कबूतर आले आणि क्षणात पिसे उधळली. पंचांनी तो चेंडू टाकलाच नाही, असे धरले. ताशी दीडशे किलोमीटर वेगाचा चेंडू पिचरच्या हातून फलंदाजापर्यंत सुमारे ०.४ सेकंदात पोहोचतो. पापणी लवायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये चेंडूचा वेग कमी असतो, पण पिचरचे अंतरही १८.४४ मीटरऐवजी १३.११ मीटर असते. त्यामुळे हाती असलेला वेळ जवळपास सारखाच.

२६ मे १९९३ रोजी होजे कॅन्सेको हा क्षेत्ररक्षक उंच उडालेला चेंडू झेलायला कुंपणाकडे धावला. चेंडू त्याच्या डोक्यावर आपटून कुंपणापलीकडे गेला. तो जमिनीला टेकला नव्हता, त्यामुळे नियमानुसार होम रन! लोक आजही त्यावर हसतात, पण हे काम किती अवघड असते ते पाहा. चेंडू कोठे पडेल याचे गणित खेळाडू मांडत नाही. चेंडू आपल्या नजरेत एकसारख्या गतीने वर चढत राहील, अशा बेताने तो पावले टाकतो. सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये ही कल्पना मांडली. कुंपण जवळ आले की त्याच्याकडेही पाहावे लागते आणि ही लय तुटू शकते.

आधीच्या निर्णयाची सावली

चूक केवळ डोळ्यांची नसते. अमेरिकी संशोधकांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एक चेंडू ‘स्ट्राइक’ दिल्यानंतर पंच पुढचा चेंडू स्ट्राइक देण्यास थोडे कचरतात, असे त्यात दिसले. चेंडू सीमारेषेवरचा असेल तर हा परिणाम अधिक. ‘सलग दोनदा तेच कसे असेल?’ असे मन नकळत म्हणते. याच अभ्यासात भारतातील कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांची आणि अमेरिकेत आश्रय मागणाऱ्यांचे खटले चालवणाऱ्या न्यायाधीशांचीही आकडेवारी होती. तिथेही हाच कल आढळला. एका पाठोपाठ एक उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांनी किंवा मुलाखती घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

यावर पंचांच्या प्रशिक्षणात एक साधा उपाय असतो : थांबा. घटना पूर्ण होऊ द्या, ती मनात पुन्हा एकदा पाहा आणि मगच हात उचला. अर्ध्या सेकंदाच्या या विरामामुळे मेंदूला डोळ्यांची आणि कानांची माहिती जुळवायला वेळ मिळतो. २०१४ पासून तेथील लीगमध्ये बहुतेक निर्णय चित्रफितीवर तपासता येतात, हेही चांगलेच झाले.

छातीवर बसलेला चेंडू

सहस्रांश सेकंदाचा हिशेब एका ठिकाणी जिवावर बेतू शकतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात काही सहस्रांश सेकंदांचा एक नाजूक काळ असतो. नेमक्या त्याच वेळी चेंडू हृदयाच्या वर छातीवर आदळला तर निरोगी मुलाचेही हृदय अचानक बंद पडू शकते. हे क्वचित घडते, पण घडते ते मुख्यतः किशोरवयीन मुलांत, कारण त्यांच्या छातीचा पिंजरा लवचीक असतो. अशा वेळी तत्काळ छाती दाबणे आणि हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, या दोनच गोष्टी जीव वाचवतात.

कारण कोणतेही असो, हृदय थांबल्यावर शेजारी उभ्या असलेल्या माणसाने काय करायचे याचा धडाही जॉइस यांच्याच नावावर आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये फिनिक्स येथे सामन्याआधी स्टेडियममधील एक महिला कर्मचारी कोसळली. जॉइस यांनी पुढे होऊन तिची छाती दाबायला सुरुवात केली. ती वाचली.

महाराष्ट्रात शालेय स्पर्धांमध्ये सॉफ्टबॉल आणि बेसबॉल हे दोन्ही खेळ खेळले जातात. तिथल्या क्रीडाशिक्षकांनी, पंचांनी आणि पालकांनी एवढे शिकून ठेवावे. खेळाडू अचानक कोसळला, हाक मारूनही ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर एकाने १०८ वर फोन करावा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावे. मोठ्या माणसाची आणि किशोरवयीनांची छाती किमान पाच सेंटिमीटर खाली जायला हवी. मदत येईपर्यंत थांबू नये. आऊट की सेफ ठरवताना अर्धा सेकंद थांबणे शहाणपणाचे असते. इथे मात्र थांबायचे नसते.