पहाऱ्यातली मोजडी

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर डेल्सचे डोंगरउतार चुनखडीचे. माती जेमतेम, पाऊस पडला की पाणी भेगांतून थेट खाली. अशाच एका उतारावर ‘लेडीज स्लिपर’ नावाची आमरी, म्हणजे ऑर्किड, फुलते. नेमकी कुठे, हे ज्यांना ठाऊक आहे ते सांगत नाहीत. त्यांनी सांगूही नये, असं मला मनापासून वाटतं.

कारण माणसाच्या हौसेनंच तिचा घास घेतला. एकोणिसाव्या शतकात ऑर्किडचं वेड पसरलं आणि रोपं मुळासकट उपटली गेली. १९१७ साली ती ब्रिटनमधून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. १९३० मध्ये डेल्समध्ये तिचं एक रोप सापडलं. एकच! पुढे फुलोऱ्याच्या दिवसांत तिच्यावर पहारा असे.

फूल जवळून बघावं. लालसर तपकिरी, पिळदार पाकळ्या आणि मधोमध पिवळीधमक, फुगीर मोजडी. वासाला भुलून छोटी रानटी मधमाशी येते आणि गुळगुळीत काठावरून आत घसरते. आत मध नाहीच! आल्या वाटेनं वर चढता येत नाही. मागच्या बाजूला मात्र उजेड झिरपतो. तिथल्या केसांना धरत ती चढते. वाट इतकी चिंचोळी, की तिची पाठ आधी कुक्षीला घासते आणि अगदी बाहेर पडताना चिकट परागांनी माखते. हा क्रम फार मोलाचा: फुलाचे पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर सहसा पडत नाहीत. ते पोचायचे पुढच्या फुलावर.

पण पुढचं फूलच नसेल तर? राखणदारांनी मग हातानं परागण केलं. तरी बी रुजेना. या आमरीचं बी धुळीसारखं, त्यात शिदोरी नसते. मातीतली बुरशी पोसेल तेव्हाच अंकुर तगतो. १९८३ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानानं प्रयोगशाळेत हे काम हाती घेतलं. कच्च्या शेंगांतलं बी निर्जंतुक पोषकद्रव्यावर रुजवलं. १९८९ पासून रोपं रानात लावली. त्यातलं पहिलं फुललं ते २००० साली. अकरा वर्षं!

आता लँकेशरमधल्या गेट बॅरोज अभयारण्यात, चुनखडीच्या फरशीसारख्या खडकांजवळ लावलेली रोपं कुणालाही पाहता येतात. डेल्समधली जागा मात्र गुपितच आहे. डेल्समध्येच २०२४ साली एक रोप आढळलं. ते कुणीच लावलेलं नव्हतं.