संगणकाची उष्णता आणि पाणी

उकळलेले दूध लवकर निववावयाचे असल्यास पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवण्याची रीत घरोघर आहे. दूध निवते, परंतु परातीतील पाणी कोमट होते. ते बदलले नाही, तर दूध व पाणी ह्यांचे तापमान सारखे होते आणि निवण्याची क्रिया मंदावते. पाणी उष्णता नाहीशी करीत नाही. ती केवळ आपल्याकडे घेते. घरच्या संगणकासाठी जलशीतनाचा संच निवडणाऱ्याने हे साधे तत्त्व प्रथम ध्यानात घ्यावयास हवे.

संगणकातील आकडेमोड प्रोसेसर ह्या भागात चालते. त्याला मिळणाऱ्या विजेचे जवळजवळ संपूर्ण रूपांतर उष्णतेत होते. २०२२ साली बाजारात आलेला इंटेल कोअर आय९-१३९००के हा प्रोसेसर कामाचा भार वाढला म्हणजे २५३ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. उलट, एएमडी रायझन ५ ७६०० ह्या प्रोसेसरची उष्णता ६५ वॅटच्या हिशोबाने आखलेली आहे. ही उष्णता पोस्टाच्या तिकिटाहूनही लहान जागेत निर्माण होते. ती वेळीच दूर न केल्यास प्रोसेसर स्वतःच्या रक्षणार्थ आपला वेग कमी करतो, आणि महागड्या यंत्राकडून अपेक्षित काम होत नाही.

उष्णता वाहून नेण्यात पाण्याची बरोबरी हवेला करता येत नाही. एक लिटर पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढण्यास सुमारे ४,१८० जूल उष्णता लागते. एक लिटर हवेस सुमारे १.२ जूल पुरते. म्हणजेच तेवढ्याच आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेते. म्हणूनच मोठ्या संगणकांत पाण्याचा उपयोग फार पूर्वीपासून होत आला. आयबीएम कंपनीने १९८० साली जाहीर केलेला ३०८१ हा संगणक पाण्यानेच थंड ठेवला जाई.

घरगुती संचाची रचना समजण्यास सोपी आहे. प्रोसेसरवर तांब्याची पोकळ तबकडी घट्ट बसविलेली असते. पंपाने ढकललेले पाणी तबकडीतून उष्णता घेऊन नळीवाटे रेडिएटरकडे जाते. तेथे पातळ पत्र्यांमधून पंखे हवा फिरवितात आणि निवालेले पाणी पुन्हा तबकडीकडे परतते. परातीतील पाणी बदलण्याचे काम येथे रेडिएटर करतो. मिनिटाला अवघे एक लिटर पाणी फिरले, तरी २५० वॅट उष्णतेने त्याचे तापमान एका फेरीत साडेतीन अंशांच्या आसपासच वाढते. ह्यावरून असे दिसते की, थोडे पाणीही उष्णता सहज वाहून नेते. ती हवेच्या स्वाधीन करणे हे अवघड काम होय. संचाची खरी ताकद म्हणूनच रेडिएटरच्या आकारावर अवलंबून असते.

हे रेडिएटर बहुधा १२०, २४० व ३६० मिलिमीटर अशा मापांत मिळतात. त्यांवर अनुक्रमे एक, दोन व तीन पंखे बसतात. ६५ वॅटच्या प्रोसेसरला पाण्याची गरजच नसते. धातूच्या पंखुड्यांचा व एका पंख्याचा साधा शीतक त्यास पुरेसा होतो. त्यात पंप नसल्याने बिघाडाचे एक कारणही कमी होते. २५० वॅटचा भार तासन् तास वाहणाऱ्या संगणकास मात्र ३६० मिलिमीटरचा रेडिएटर योग्य ठरतो. खरेदीपूर्वी संगणकाच्या पेटीत तेवढी जागा आहे की नाही, हे मोजून पाहावे. रेडिएटर व पंखे मिळून सुमारे ५२ मिलिमीटर जाडी सहज होते. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो, तिला जुळणारी पकड संचाबरोबर असल्याचीही खात्री करावी.

संच दोन प्रकारचे असतात. पहिला कारखान्यातच पाणी भरून बंद केलेला. दुसरा सुटे भाग जोडून स्वतः भरावयाचा. दुसऱ्या प्रकारात धातूंची निवड अत्यंत महत्त्वाची आहे. दोन भिन्न धातू आणि त्यांना जोडणारा विद्युत्‌वाहक द्रव ह्यांपासून विद्युत्‌घट बनतो, हे शाळेतील प्रयोगावरून विद्यार्थ्यांस ठाऊक असते. तांब्याची तबकडी व ॲल्युमिनियमचा रेडिएटर क्षारयुक्त पाण्याने जोडले गेल्यास हीच क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम झिजू लागते. बंद संचांतही पुष्कळदा हे दोन्ही धातू असतात. तेथे गंजरोधक द्रव्ये मिसळलेला द्रव ही झीज रोखतो. म्हणून तो काढून नळाचे पाणी भरणे घातक होय. स्वतः जोडावयाच्या संचात तबकडी व रेडिएटर दोन्ही तांब्या-पितळेचे घ्यावेत आणि संगणकाला वीज न देता केवळ पंप काही तास चालवून, खाली कागद अंथरून, गळती तपासावी. एक थेंबही चालू मदरबोर्ड निकामी करू शकतो.

पाण्यातील हवा सर्वांत उंच जागी साचते. पंप तेथे असल्यास त्यात हवा अडकून तो खडखडतो व लवकर झिजतो. यास्तव रेडिएटरचा वरचा भाग पंपाहून उंच राहील, अशीच मांडणी करावी. नळ्यांच्या भिंतींतून वर्षानुवर्षे थोडे पाणी उडूनही जाते. बहुतेक बंद संचांत ते पुन्हा भरता येत नाही. तेव्हा किमतीइतकेच हमीच्या मुदतीकडेही लक्ष द्यावे.

कोणताही संच घेतला, तरी त्यातील पाणी खोलीतील हवेहून थंड होऊ शकत नाही. खोली ४० अंशांवर असल्यास पाणी त्याहून अधिकच तापलेले राहणार. शिवाय प्रोसेसरपासून दूर नेलेली सारी उष्णता अखेर त्याच खोलीत पसरते. २५० वॅटचा प्रोसेसर उत्तम रीतीने थंड राखला, तरी खोलीला २५० वॅटचीच उष्णता मिळते. संच निवडून झाल्यावर संगणक कोठे ठेवावयाचा, हा प्रश्न म्हणूनच उरतो. भिंतीच्या कोनाड्यापेक्षा खिडकीजवळची सावलीची, हवेशीर जागा त्यास अधिक मानवते.