जुना संच, नवी हमी

पहिले महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटिश सैन्याच्या हजारो मोटारी, मालमोटारी आणि मोटारसायकली मोडक्या अवस्थेत लंडनजवळच्या स्लाऊ गावाच्या पश्चिमेकडील सरकारी दुरुस्ती आगारात येऊन पडल्या होत्या, आणि त्या जागेस लोक उपहासाने उकिरडा म्हणत असत. १९२० साली एका खासगी कंपनीने हा सारा पसारा जागेसकट सरकारकडून विकत घेतला, वाहने खोलून, दुरुस्त करून पुन्हा बाजारात आणली, आणि हा व्यवहार १९२५ च्या सुमारास आटोपत आला तेव्हा रिकाम्या इमारती कारखानदारांना भाड्याने देण्यास प्रारंभ केला. आज स्लाऊ ट्रेडिंग इस्टेट या नावाने जी औद्योगिक वसाहत सर्वविश्रुत आहे, तिचे मूळ असे जुन्या मालाच्या पुनरुद्धारात आहे. तेव्हा याच गावात राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाने बैठकीच्या खोलीसाठी रिफर्बिश्ड म्हणजे परत आलेला, तपासून दुरुस्त केलेला असा लहानसा स्टिरिओ संच घेण्याचे मनात आणले, तर ते गावाच्या परंपरेस धरूनच होईल.

मोबाइलवर सारे संगीत उपलब्ध असताना या संचाची गरज काय, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु नोकरीनिमित्त येथे येणारी कुटुंबे बहुधा भाड्याच्या फ्लॅटमध्ये किंवा जोडघरात संसार थाटतात, त्यांच्या सामानात आई-वडिलांनी जपलेल्या नाट्यसंगीताच्या, अभंगांच्या, गीतरामायणाच्या सीडी असतात, आणि त्या वाजविण्याचे साधन मात्र आता लॅपटॉपमध्येही राहिलेले नाही. मोठ्या संचास जागा नसते व बदलीच्या नोकरीत त्याचे ओझेही नकोसे होते. म्हणून सीडी, रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच पेटीत असलेला, दोन स्वतंत्र स्पीकरांसह येणारा लहान संच हाच त्यांना सोयीचा ठरतो. नव्या किमतीच्या मानाने पुष्कळ कमी पैशांत तो मिळू शकतो हे खरे. पण त्या सवलतीबरोबर कोणती जोखीम आपल्या गळ्यात पडते, याचा विचार आधी केलेला बरा.

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुने यंत्र घेणारा गिऱ्हाईक वस्तूइतकीच दुकानदाराची पारख करतो, आणि ‘काही झालं तर घेऊन या, मी आहे’ या शब्दावर व्यवहार पक्का होतो. स्लाऊमध्ये नव्याने आलेल्या माणसास अशी ओळखदेख नसते. येथे हमी राहते ती पावतीत आणि कायद्यात. रिफर्बिश्ड हे विशेषण लावण्यासाठी नेमके किती काम केलेले असावे याचा सर्वांस बांधील असा एकच दंडक नाही. एके ठिकाणी त्याचा अर्थ केवळ खोके उघडून परत केलेला माल पुसून ठेवला इतकाच असतो, तर दुसरीकडे सीडीची यंत्रणा बदलून संच कित्येक तास चालवून पाहिलेला असतो. ‘अ’ श्रेणी, ‘ब’ श्रेणी या खुणाही विक्रेत्याच्या स्वतःच्या, आणि त्या बहुधा बाहेरच्या ओरखड्यांविषयीच बोलतात. म्हणून काय तपासले, काय बदलले आणि हमीची मुदत किती, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत व उत्तरे जपून ठेवावीत.

व्यापाऱ्याकडून घेतलेला माल जुना असला तरी २०१५ चा ग्राहक हक्क कायदा त्यास लागू पडतो. वस्तू समाधानकारक दर्जाची, आपल्या कामास योग्य आणि वर्णनाबरहुकूम असली पाहिजे. दर्जा ठरविताना तिचे वय व किंमत अर्थातच लक्षात घेतली जाते. माल सदोष निघाल्यास ३० दिवसांच्या आत तो नाकारून पैसे परत मागता येतात. त्यानंतर दुरुस्ती अथवा बदली मागावी लागते, मात्र पहिल्या ६ महिन्यांत दोष उघड झाला तर तो मुळापासूनच होता असे गृहीत धरले जाते आणि तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर पडतो. घरबसल्या मागविलेला माल १४ दिवसांत, कारण न सांगताही, रद्द करता येतो. किंमत १०० पौंडांहून अधिक असून क्रेडिट कार्डाने पैसे भरलेले असतील, तर १९७४ च्या ग्राहक पतकायद्याच्या ७५ व्या कलमानुसार कार्ड देणारी संस्थाही विक्रेत्याइतकीच जबाबदार ठरते. खासगी इसमाकडून घेतलेल्या संचास यांतील बहुतेक संरक्षण नाही. तेथे वर्णन खरे असावे एवढीच अपेक्षा कायद्याने धरता येते. दोन सारख्या दिसणाऱ्या संचांच्या किमतींत जी तफावत आढळते, ती पुष्कळदा यंत्राची नसून या उत्तरदायित्वाची किंमत असते, आणि माझ्या मते ती आनंदाने द्यावी.

कायद्याची मुदत चालू आहे तोवरच संचाची कसून परीक्षा करावी. सर्वांत नाजूक भाग सीडीचा. येथे स्लाऊच्या एका जुन्या रहिवाशाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. बाथ येथे ऑर्गनवादक व संगीतरचनाकार म्हणून चरितार्थ चालवीत असता १७८१ साली युरेनस ग्रहाचा शोध लावणारा विल्यम हर्शेल १७८६ मध्ये स्लाऊला येऊन राहिला, आणि १८०० साली लोलकातून पाडलेल्या सूर्यवर्णपटात तांबड्या रंगाच्याही पलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नाही तेथे, तापमापकाचा पारा चढतो असे त्यास आढळून आले. हाच अवरक्त प्रकाशाचा शोध. सीडीवरील सूक्ष्म खळगे वाचणारा लेझर किरण ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे याच अदृश्य प्रदेशातला असतो, आणि रिमोटही बहुधा त्याच प्रकाशाने आज्ञा पोचवितो. एका संगीतकाराने या गावात लावलेला शोध अशा रीतीने संगीताच्याच सेवेस रुजू झाला आहे. जुन्या संचात हा लेझर क्षीण झालेला किंवा त्याच्या भिंगावर धूळ बसलेली असू शकते. सीडी आतून बाहेर वाचली जाते व कडेकडे तिचे हेलकावे वाढतात. म्हणून सत्तर-बहात्तर मिनिटांची भरगच्च सीडी घेऊन तिचे शेवटचे पद आधी लावावे. घरी संगणकावर तयार केलेली सीडी छापील सीडीहून कमी प्रकाश परावर्तित करते, तेव्हा घरच्या मंगलकार्याचे ध्वनिमुद्रण अशा चकतीवर असल्यास तेही चालवून पाहावे. खण उघडताना अडखळत असेल तर आतला रबरी पट्टा सैल झाला असे बहुधा समजावे. ही दुरुस्ती किरकोळ आहे. रिमोटचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून कळ दाबली असता पुष्कळ कॅमेऱ्यांत फिकट जांभळा ठिपका दिसतो, आणि तो चालतो की नाही याचा निकाल तत्क्षणी लागतो.

कानाची परीक्षा करताना आपल्याकडील रसिकांनी एक सावधगिरी बाळगावी. अॅम्प्लिफायरमधील कपॅसिटर वयोमानाने सुकले की विजेच्या प्रवाहाचा एक सखल गुंजारव स्पीकरांतून अखंड ऐकू येतो, आणि तंबोऱ्याच्या झंकाराखाली तो बेमालूम लपून राहतो. यास्तव प्रथम काहीही न वाजविता, आवाजाची कळ फिरवीत, स्पीकरजवळ कान नेऊन शांतता ऐकावी. कळ फिरविताना खरखर झाली तर तीही नोंदवावी. मग एखादे ख्यालगायन लावून डग्ग्याची घुमार मोकळी येते की फाटते हे पाहावे. स्पीकरच्या शंकूभोवतीचे कडे रबराचे असल्यास ते टिकते. जुन्या संचात ते फोमचे असेल, तर पंधरा-वीस वर्षांत त्याचा भुगा होऊ लागतो आणि बोटाचा हलका स्पर्श करताच ते कळून येते.

कागदावरील आकड्यांना फार भुलू नये. वॅट दुप्पट झाले तरी आवाज ३ डेसिबलांनीच वाढतो, आणि कानास आवाज दुप्पट वाटण्यास सुमारे दसपट शक्ती लागते. त्यामुळे मध्यम आकाराच्या खोलीस प्रत्येक बाजूस वीस-तीस वॅट पुष्कळ झाले. रेडिओविषयी मात्र चौकशी अवश्य करावी. बीबीसीने डॅब नावाचे डिजिटल प्रसारण १९९५ साली सुरू केले. आरंभीच्या संचांना पुढे आलेल्या डॅब प्लस पद्धतीची केंद्रे लागत नाहीत, आणि नवी केंद्रे बहुशः त्याच पद्धतीची आहेत. जुन्या आयपॉडसाठी माथ्यावर खाच असलेला संच केवळ त्या खाचेच्या मोहाने घेऊ नये, कारण ती आता निरुपयोगी झाली आहे; तिच्याऐवजी ब्लूटूथ किंवा बाहेरचे साधन जोडण्याचे भोक आहे की नाही ते पाहावे.

संच घरी आल्यानंतर त्याची मांडणी हे मालकाचे पहिले कर्तव्य. स्लाऊहून लंडनच्या गाडीत बसले की चौथ्या स्थानकास हेझ येते, तेथील ई. एम. आय. च्या प्रयोगशाळेतील अॅलन ब्लूमलाइन या अभियंत्याने डिसेंबर १९३१ मध्ये द्विमार्गी म्हणजे स्टिरिओ ध्वनीच्या पेटंटासाठी अर्ज केला, आणि १९३५ साली हेझ स्थानकातून जाणाऱ्या आगगाड्यांचे चित्रण करून, गाडी पडद्यावर ज्या दिशेने सरकते त्याच दिशेने तिचा आवाजही सरकतो हे दाखवून दिले. दोन्ही स्पीकर एकाच फळीवर एकमेकांस चिकटवून ठेवले तर हा सारा खटाटोप व्यर्थ जातो. दोन स्पीकर व ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा, आणि वरचा लहान स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा. तारा जोडताना लाल टोक लाल खुणेस व काळे काळ्यास गेले पाहिजे. एका बाजूस उलटसुलट झाले तर डग्गा पोकळ वाटतो आणि गायक मधोमध न राहता खोलीभर विरघळतो. जोडघरात भिंत सामाईक असते. तीस पाठ लावून स्पीकर ठेवल्यास त्यांतील खर्ज शेजाऱ्याच्या बैठकीत उतरतो, हे ध्यानात ठेवावे, कारण रात्री ११ ते सकाळी ७ या वेळेतील गोंगाटाविषयी येथे स्वतंत्र कायदा आहे. संचाच्या वर व बाजूंस हवा खेळती ठेवावी, त्यावर पुस्तके रचू नयेत. उष्णता कमी राहिली तर कपॅसिटरांचे आयुष्य लक्षणीय वाढते.

कालांतराने बदली होते किंवा कुटुंब मायदेशी परतते. ब्रिटन व भारत या दोन्ही ठिकाणी विजेचा दाब २३० व्होल्ट व वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने केवळ प्लग बदलून संच पुण्यातही चालेल. एफएम लागेल, डिजिटल रेडिओचा विभाग मात्र मुका राहील. येथेच विकावयाचा झाल्यास आपण कायद्याच्या दृष्टीने खासगी विक्रेते होतो, आणि मागाहून येणाऱ्यास आपल्या वर्णनाखेरीज दुसरा आधार उरत नाही. तेव्हा खण कधी अडखळतो का, कोणत्या सीडी नाकारतो, पट्टा केव्हा बदलला, हे जाहिरातीत स्वच्छ लिहावे, आणि रिमोट, माहितीपुस्तिका व मूळ पावती संचाबरोबर द्यावी.