कातडीखालचं वेटोळं

तिनं पाय टेबलावर घेतला आणि लगेच नडगीवर हात ठेवला. मी तो हळूच बाजूला केला, भिंगाचा दिवा खाली ओढला. गुडघ्याच्या चार बोटं खालपासून घोट्यापर्यंत बारीक लालसर पुळ्या, वीसेक तरी असतील. निम्म्या नखानं उकरलेल्या, खपली धरलेल्या. मधेमधे जुने डाग, कोऱ्या चहाच्या रंगाचे.

"लग्न कधी?"

"पाच आठवडे राहिलेत, ताई. तोवर जाईल ना हे सगळं?"

एक पुळी अजून कुणी उकरलेली नव्हती. ती मी भिंगाखाली धरली. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी पातळ कातडी आणि तिच्याखाली काळं वेटोळं. एकच केस. बाहेर यायला वाट मिळाली नाही म्हणून आतल्या आत गोल फिरत राहिलेला.

कराडात आमच्या दुकानाला दोन दारं आहेत. रस्त्याच्या बाजूला अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं सलून. बोळाच्या बाजूनं माझं पार्लर. मधे प्लायवूडची भिंत. पुढे वस्तरा चालतो, मागे वॅक्स. एकोणीस वर्षं मी हे काम करते आहे आणि या भिंतीच्या दोन्ही अंगांना हे एकच दुखणं येतं. पुरुष मान दाखवतात, बायका पाय आणि काखा दाखवतात, तेही आवाज खाली आणून, जणू त्यांचंच काही चुकलं आहे.

वडीलधारी माणसं याला केसतोड म्हणतात. शब्द जुना आहे आणि कारणासकट आहे: केस तुटला, तिथे फोड आला. पण खरा केसतोड म्हणजे केसाच्या मुळाशी जंतूंनी धरलेलं गळू. ते ठणकतं, त्याला तोंड येतं आणि ते डॉक्टरांचं काम आहे. ही पुळी त्याची धाकटी बहीण. हिच्यात पू दिसला तरी बहुतेक वेळा सुरुवात जंतूंनी केलेली नसते. बोटात काटा रुतला की भोवतालची कातडी जशी सुजते, तशीच ती आत घुसलेल्या केसामुळे सुजते. केस आपलाच, पण कातडीला तो परका. मुली सरळ 'इनग्रोन' म्हणतात. दाढीवर येतो त्या प्रकाराचं डॉक्टरी नाव स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी. केसाच्या मुळाचा संसर्ग वाटावा असं दिसणारं, पण मुळात संसर्ग नसलेलं, असा त्याचा अर्थ.

न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं आणि मऊ असतं. पात्यानं कापला की तेच टोक बोरूसारखं तिरकं आणि धारदार होतं. असा केस सरळ असेल तर सरळ वर येतो. वळणाचा असेल तर बाहेर येऊन वळतो आणि शेजारच्याच कातडीत शिरतो. दुसरा प्रकार जास्त वाईट. कातडी ताणून दाढी केली किंवा दोन-तीन पात्यांचं रेझर वापरलं, की पहिलं पातं केस जरा वर खेचतं, मागचं तो कापतं, आणि उरलेला केस कातडीच्या पातळीखाली सरकतो. मग वाढताना तो बाहेर न येता आतूनच बाजूची भिंत फोडतो. दोन पात्यांचं रेझर बाजारात आलं 1971 साली, तीन पात्यांचं 1998 साली, आता पाच पात्यांचीही मिळतात. हात फिरवल्यावर काहीच लागू नये, एवढी गुळगुळीत दाढी ती देतात. वळणाच्या केसांच्या माणसाला तो गुळगुळीतपणाच नडतो.

वॅक्सचं थोडं वेगळं. तिथे केस मुळासकट यायला हवा. आला, तर नवा केस अगदी बारीक, नाजूक टोक घेऊन वर येतो, आणि वरचं तोंड मेलेल्या कातडीनं बुजलेलं असलं तर त्याला ते फोडता येत नाही. मुळासकट आला नाही, मधेच तुटला, तर वस्तऱ्यासारखीच गत. म्हणून मी प्रत्येक ओढीनंतर स्ट्रिप उजेडात धरून बघते. केसाच्या बुडाशी पांढरा ठिपका दिसला पाहिजे. ठिपके नसतील तर तो केस मी काढलेला नाही, तोडलेला आहे.

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत नव्हतं. मी शिकले दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या पार्लरमध्ये. तिथे दोन्ही पाय वीस मिनिटांत उरकायचे असा दंडक होता. स्ट्रिप वर उचलून झटकन ओढायची, राहिलेल्या केसांवर परत वॅक्स, परत तीच ओढ. तिसऱ्यांदासुद्धा. स्ट्रिप उचलून ओढली की केस वाकतो आणि तुटतो. ती कातडीला चिकटून, स्वतःवरच दुमडत, केसांच्या उलट दिशेनं ओढायची असते आणि दुसऱ्या हातानं कातडी घट्ट धरायची असते. दोन वर्षं मी चुकीचं ओढत होते. त्या बायका महिन्यानं पुळ्या घेऊन परत यायच्या आणि आम्ही त्यांना सांगायचो, तुमची स्किनच सेन्सिटिव्ह आहे. हे आठवलं की मला अजून लागतं.

योग्य हात मला अण्णांनी दाखवला, वॅक्सला कधी हात न लावता. ते कुणाचीही दाढी करण्याआधी कोरडा तळवा गालावरून आणि मानेवरून फिरवतात. एकदा खाली, एकदा वर, एकदा आडवा. केसांचा रोख कळेपर्यंत साबण नाही. गालावर तो बहुतेक खालीच असतो. जबड्याखाली मात्र प्रत्येकाचं निराळं: कुणाचा कानाकडे, कुणाचा वर, कुणाच्या कंठाशेजारी चक्क भोवरा. मग गरम पाण्यात पिळलेला टॉवेल, मग ब्रशनं साबण, आणि साबण तसाच थोडा वेळ मुरू देतात. गिऱ्हाइकासमोर नवं ब्लेड कागदासकट मोडून अर्धं पातं वस्तऱ्यात चढवतात. पहिला हात सुलटा. उलटा हात विचारून. मानेवर पुळ्या असतील तर विचारतही नाहीत, उलटा हात मारतच नाहीत आणि कातडीही ताणत नाहीत. शेवटी ओली तुरटी.

अण्णांच्या डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात एक वण आहे. काही वर्षांपूर्वी तिथे छिद्र पडून पाणी यायला लागलं. चिखल्या झाल्या असतील म्हणून आम्ही मलम लावत बसलो. सर्जननी ते उघडलं तेव्हा आत केस निघाले. बेचक्यात केस उगवत नाहीत. ते गिऱ्हाइकांचे होते, कापून उडालेले, ओल्या बेचक्यात बसून हळूहळू आत शिरलेले. केस कापणाऱ्यांच्या हाताला हा आजार होतो, वैद्यकाच्या पुस्तकांत त्याची नोंद आहे. त्या दिवसापासून दर दोन गिऱ्हाइकांमागे साबणानं बेचकी धुणं हा आमच्या दुकानाचा नियम झाला. आणि मला कळलं की कापलेला केस ही सुई आहे. दुसऱ्याच्या हातात शिरते, तर स्वतःच्या नडगीत का शिरणार नाही?

तर ती नवरीमुलगी. वीस पुळ्यांपैकी चार ठिकाणीच वेटोळं वरून स्वच्छ दिसत होतं. फक्त त्यांनाच हात लावायचा, असं मी ठरवलं. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं दहा मिनिटं, थंड झालं की परत. कातडी मऊ पडली. स्पिरिट लावलं. मेडिकलमधून आणलेली, एकदाच वापरायची सुई घेतली आणि तिचं टोक कातडीला समांतर धरून वेटोळ्याच्या बाजूनं आत सरकवलं. खाली टोचायचं नाही, वेटोळ्याखाली घालून फक्त उचलायचं. पापुद्रा सुटला. केस आधी फाशासारखा वर आला, मग त्याचं मोकळं टोक निसटलं आणि तो ताठ उभा राहिला. रक्ताचा थेंब नाही. बोटाच्या अर्ध्या पेराएवढा लांब होता.

ती वाकून बघत राहिली. "एवढा मोठा आत होता? आता उपटून टाका ना, ताई."

"राहू दे."

इथेच सगळ्यांचं चुकतं. प्लकर हातात असतो, केस समोर असतो आणि उपटल्याशिवाय हाताला चैन पडत नाही. पण आता उपटला तर वरची जखम भरून तोंड बुजेल आणि त्याच मुळातून येणारा पुढचा केस त्याच बंद दाराशी येऊन वळेल. उभा राहिला आहे, तर उभाच वाढू द्यायचा. तो असेपर्यंत वाट उघडी राहते.

बाकीच्या सोळांना मी हात लावला नाही. जे दिसत नाही ते शोधायला सुई घालायची नाही. त्यांच्यासाठी एकच उपाय: चार आठवडे वॅक्स नाही, रेझर नाही, प्लकर नाही. केस साधारण सेंटीमीटरभर वाढला की त्याच्या स्वतःच्या ताणानंच टोक बाहेर निसटतं. डॉक्टरही आधी हेच सांगतात. तिचा चेहरा उतरला. मेंदीला पायावर केस दिसतील, सासरच्या बायका बघतील. मी तिला म्हटलं, अगदीच वाटलं तर ट्रिमर फिरव, एक-दोन मिलिमीटर ठेवून. कातडीला पातं टेकवायचं नाही. डोळे पुसून ती हो म्हणाली.

घरी करायचं ते थोडंच होतं. आंघोळीत मऊ फडक्यानं गोल हात. आमच्याकडे मुली टाचेची वजरी नडगीवर घासतात, ती बंद. पुळ्या शांत झाल्यावर एक दिवसाआड रात्री सॅलिसिलिक किंवा लॅक्टिक अॅसिडचं सौम्य लोशन, पण उकरलेल्या जागी नाही. घट्ट लेगिंग्जऐवजी सैल सुती सलवार.

डागांचं मात्र मी तिला खोटं सांगितलं नाही. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला सूज आली की तिथे रंगद्रव्य साचतं. पुळी आठवड्यात बसते, डाग महिनोन्महिने राहतो, उन्हानं गडद होतो. नखानं उकरलेल्या पुळीचा डाग सगळ्यात हट्टी. तो घालवायला मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टिरॉइडची ट्यूब लावणाऱ्या मुली माझ्याकडे येतात, तेव्हा मी हात जोडते. कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात आणि ट्यूब सोडली की सगळं दुपटीनं उसळतं. लाली पसरत चालली, ताप आला, मधुमेह असला किंवा पुळीच्या जागी टणक गाठ वाढू लागली, की मी पार्लरचं दार लावून घेते आणि स्किनच्या डॉक्टरांकडे पाठवते. वारंवार होणाऱ्यांना तेच लेसरचा सल्ला देतात. सावळ्या कातडीला 1064 नॅनोमीटरचं एनडी-याग लेसर जास्त सुरक्षित मानतात. बऱ्याच बैठका लागतात, खर्च आहे, केस विरळ आणि बारीक होतात. जाहिरातीत 'कायमचे' म्हणतात, त्या शब्दावर विसंबून पैसे भरू नयेत.

आताशा बारा-तेरा वर्षांच्या मुलींना घेऊन आया येतात. शाळेत कुणी तरी हातावरच्या लवेवरून बोललेलं असतं. माझं पोट या कामावर आहे, तरी त्यांना मी परत पाठवते. त्या लवेनं मुलीला काही त्रास होत नाही. त्रास बोलणाऱ्यांनी दिलेला असतो आणि तो वॅक्सनं निघत नाही.

त्याच महिन्यात पुढच्या दारानं एक पोरगा आला. जवळच्या खेड्यातला, लष्करात नवा भरती झालेला, महिनाभराच्या रजेवर. आमच्या सातारा जिल्ह्यात घरटी नाही तरी गल्लीत एक फौजी असतोच. तिकडे रोज सकाळी दाढी गुळगुळीत हवी. याचे केस दाट आणि वळणाचे, त्यामुळे कॉलरखालची मान खडबडीत झालेली, जागोजागी रक्ताळलेली. तो भिंतीच्या या बाजूला ऐकू येईल इतक्या तळमळीनं अण्णांना सांगत होता, दोन-दोनदा उलटा हात मारतो, तरी भागत नाही. अमेरिकेच्या सैन्यात कृष्णवर्णीय जवानांना याचा एवढा त्रास होतो, की तिथले डॉक्टर दाढी न करण्याची लेखी सवलत देत आले आहेत. मी भिंतीपलीकडून त्याला सांगितलं, परत गेल्यावर तुमच्या डॉक्टरांना मान दाखव, लपवू नकोस. अण्णांनी ब्रशला हात लावला नाही. म्हणाले, "रजा आहे ना? तीन आठवडे वस्तरा बंद. मग ये."

तो आला, जायच्या दिवशीच. दाढी वाढलेली आणि तिच्याखालची मान सपाट झालेली. डाग होते, पुळ्या दोन-चारच. अण्णांनी आधी मशीननं दाढी उतरवली, मग कोरडा तळवा फिरवला. मोबाइलचा कॅमेरा चालू करायला लावून त्याला त्याचीच मान दाखवली: इथे खाली, इथे कानाकडे, इथे भोवरा, लक्षात ठेव. टॉवेल, साबण, नवं अर्धं पातं. एकच सुलटा हात, कातडी न ताणता.

पोरानं मानेवरून बोटं फिरवली. "काका, खरखर राहिली की."

"राहू दे," अण्णा म्हणाले आणि तुरटी ओली केली.

पैसे देऊन त्यानं सॅक पाठीला लावली आणि स्टँडच्या दिशेनं निघाला, एक हात अजून मानेवरच.