रेल्वे सिग्नलांतील बिघाड व गाड्यांचे नियंत्रण

लोहमार्गावरील सिग्नल, सांधे किंवा त्यांना जोडणारी यंत्रणा नादुरुस्त झाल्यावर लेखी अधिकारपत्र, दूरध्वनीवरील खात्री व मर्यादित वेग यांच्या साहाय्याने गाड्या सुरक्षितपणे चालविण्याची नियमबद्ध पद्धती. भरधाव गाडी थांबण्यास शेकडो मीटर अंतर लागत असल्याने अडथळा दिसल्यावर लावलेला ब्रेक पुष्कळदा अपुरा ठरतो. म्हणून लोहमार्गाचे खंड पाडून एका खंडात एका वेळी एकच गाडी राहू देणे, हे रेल्वे वाहतुकीचे मूलतत्त्व मानले जाते. सिग्नल हे त्याचे साधन होय. साधन निकामी झाले, तरी तत्त्व पाळावेच लागते.

यंत्रणेची रचना : सिग्नल यंत्रणा अशी योजलेली असते की, दोष उद्भवल्यास सिग्नल सामान्यतः आपोआप ‘थांबा’ दर्शवितो. जुन्या पद्धतीच्या सिग्नलाची तार तुटली, तर त्याचा हात प्रतिवजनामुळे आडवा होतो. रुळांतून खेळविलेला वीजप्रवाह गाडीच्या चाकांमुळे मधूनच वळतो व दिवा लाल होतो. वीजपुरवठा खंडित झाला, तरी परिणाम तोच होतो. त्यामुळे बिघाड झाला म्हणजे प्रथम वाहतूक खोळंबते. खरा धोका त्यानंतर, लाल सिग्नल ओलांडण्याची परवानगी माणसाने देण्याची वेळ आल्यावर संभवतो.

इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळील क्लेटन बोगद्यात २५ ऑगस्ट १८६१ रोजी याचा प्रत्यय आला. पहिली गाडी गेल्यावर सिग्नल धोक्याच्या स्थितीत परतला नाही. मागून आलेल्या दुसऱ्या गाडीला पहारेकऱ्याने लाल निशाण दाखविले. ती बोगद्यात शिरून थांबली व मागे येऊ लागली. बोगदा मोकळा असल्याचा तारसंदेश पहिल्या गाडीविषयी होता. पहारेकऱ्याने तो दुसरीविषयी मानून तिसऱ्या गाडीस आत सोडले. या अपघातात २३ प्रवासी मृत्युमुखी पडले.

भारतीय पद्धती : संदेशातील अशी संदिग्धता टाळण्यासाठी भारतात दोन स्थानकांचे स्टेशन मास्तर दूरध्वनीवरून मार्ग मोकळा असल्याची खात्री करताना खाजगी क्रमांकांची देवघेव करतात. हे क्रमांक प्रत्येकाजवळील गुप्त तक्त्यातून घेतले जातात; वापरलेला क्रमांक खोडून त्याची नोंद होते.

स्थानकात प्रवेश देणारा सिग्नल नादुरुस्त असल्यास मार्ग मोकळा आहे व सांधे योग्य दिशेने बसले आहेत, हे प्रथम तपासतात. आवश्यक ते सांधे पकडीने आवळून कुलूपबंद करतात. त्यानंतरच चालकास लेखी अधिकारपत्र मिळते. पुष्कळदा रेल्वे कर्मचारी ते सिग्नलाच्या पायथ्याशी आणून देतो व गाडी ताशी १५ किमी. पेक्षा अधिक नाही अशा वेगाने आत येते.

मुंबईच्या उपनगरी मार्गांसारख्या स्वयंचलित सिग्नलांच्या मार्गावर, ‘ए’ अक्षराची पाटी असलेला सिग्नल लाल असेल, तर चालक दिवसा एक मिनिट व रात्री दोन मिनिटे थांबतो. त्यानंतर शिटी देऊन, पुढे गाडी उभी असेल असे गृहीत धरून, तो अत्यंत सावधपणे पुढच्या सिग्नलापर्यंत जातो. बिघाड दीर्घकाळ टिकल्यास दोन स्थानकांमधील संपूर्ण अंतर एकच खंड मानतात व पुढील स्थानकाच्या संमतीने त्यात एकच गाडी सोडतात.

संपर्काची सर्व साधने बंद पडल्यास दुहेरी मार्गावर दोन गाड्यांमध्ये ३० मिनिटांचे अंतर राखतात. वेग सरळ व स्वच्छ दिसणाऱ्या मार्गावर ताशी २५ किमी. पर्यंत आणि वळणावर किंवा पुढचे नीट दिसत नसल्यास १० किमी. पर्यंत मर्यादित असतो. एकेरी मार्गावर समोरून गाडी येण्याचा धोका असल्याने साधारणतः प्रथम एकटे इंजिन पाठवून संपर्क प्रस्थापित करतात. गाडी वाटेत अडकल्यास रुळांवर आवाज करणारे फटाके ठेवून मागच्या गाडीस इशारा दिला जातो. रुंदमापी मार्गावर अडथळ्यापासून ६०० मी. वर एक व १,२०० मी. वर तीन फटाके ठेवण्याचा नियम आहे.

मानवी घटक : पश्चिम बंगालमध्ये रांगापाणी स्थानकाजवळ १७ जून २०२४ रोजी एका मालगाडीने कांचनजंगा एक्सप्रेसला मागून धडक दिली व जीवितहानी झाली. त्या दिवशी पहाटेपासून तेथील स्वयंचलित सिग्नल नादुरुस्त होते व चालकांना लाल सिग्नल ओलांडण्याची अधिकारपत्रे दिली गेली होती. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत असे आढळले की, अधिकारपत्रात वेगमर्यादा नमूद नव्हती. प्रत्येक सिग्नलाशी थांबून मंद वेगाने जाण्याचा नियम त्या खंडातून गेलेल्या गाड्यांपैकी केवळ कांचनजंगा एक्सप्रेसने पाळला होता. एकाच कागदाचा निरनिराळ्या चालकांनी निरनिराळा अर्थ लावला, ही क्लेटनच्याच दोषाची पुनरावृत्ती होय.

धोक्याच्या वेळी आपोआप ब्रेक लावणारी ‘कवच’ ही प्रणाली भारतात टप्प्याटप्प्याने बसविली जात आहे. तथापि सिग्नल निकामी झाल्यावर गाडी अखेरीस मंद वेगाने व चालकाच्या जबाबदारीवरच पुढे न्यावी लागते. म्हणून आणीबाणीचे नियम निःसंदिग्ध शब्दांत लिहिणे आणि कर्मचाऱ्यांकडून त्यांची नियमित उजळणी करून घेणे, यांचे महत्त्व यंत्राच्या प्रगतीने कमी झालेले नाही.