सदाफुलीचा पाला आणि साखरेची कसोटी

मधुमेहावर अमुक पाला चावा, तमुक बियांची पूड घ्या, हा सल्ला कामगाराला गिरणीच्या फाटकापासून दवाखान्याच्या रांगेपर्यंत फुकट मिळतो. वनस्पतीत औषधी गुण नसतात असे आम्ही म्हणत नाही. प्रश्न एवढाच, की गुण आहे हे ठरवायचे कसे?

संशोधक प्रथम पाने वाळवून पाण्यात किंवा अल्कोहोलात त्यांचा अर्क काढतात. मग अलॉक्सन किंवा स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून उंदरांच्या स्वादुपिंडातील इन्शुलिन करणाऱ्या पेशी नष्ट करतात. त्यांची साखर चढते. अशा उंदरांपैकी एका गटाला अर्क, दुसऱ्याला माहितीचे औषध आणि तिसऱ्याला नुसते पाणी देतात. चौथा गट निरोगी उंदरांचा. तुलनेवाचून आकड्याला अर्थ नाही, कारण अर्काने उंदराची भूक मेली तरीही साखर उतरते!

आपल्या अंगणातील सदाफुली मूळची मादागास्करची. जमैकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. म्हणून १९५२ साली ती पाने कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्याकडे आली. त्यांच्या प्रयोगात साखर उतरली नाही. पण अर्क टोचलेल्या जनावरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातूनच १९५८ साली व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध हाती आले. म्हणजे घरगुती म्हणून निर्धास्तपणे चावायचे ते हेच पान!

गॅलेगा या युरोपातील वनस्पतीची हकीकत निराळी. तिच्यात ग्वानिडीन वर्गातील द्रव्य असते. ग्वानिडीनने जनावरांची साखर उतरते हे १९१८ साली दिसले, परंतु ते विषारी. त्याच कुळातील मेटफॉर्मिन १९२२ साली डब्लिनमध्ये तयार झाले, आणि ते रुग्णांना देऊन पाहिल्याचा वृत्तांत पॅरिसच्या झाँ स्टर्न यांनी १९५७ साली प्रसिद्ध केला. आज जगभर घेतली जाणारी गोळी ती हीच.

उंदरावर गुण दिसला म्हणजे औषध सापडले, असे नव्हे. मात्रा किती, यकृत-मूत्रपिंडांवर परिणाम काय, माणसांत गुण किती टिकतो, हे पुढे तपासावे लागते. वेतनवाढीची तोंडी आश्वासने आपण मानीत नाही, लेखी करार मागतो; मग पुडीवाल्याला पुरावा का मागू नये?

तोवर आमचे सांगणे साधे आहे. पाल्याच्या भरवशावर इन्शुलिन वा गोळी बंद करू नका. पाला घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. दोन्हींनी मिळून साखर फार उतरली तर चालत्या यंत्रापुढे भोवळ येईल. साखर चढीच राहिली तर डोळे, मूत्रपिंडे आणि पाय जातात; आणि कष्टकऱ्याचे भांडवल ते एवढेच.